शेवटचं पोर

आमचा दादूमामा कुठलीही वस्तू सरळ विकत घेत नाही. फ्रिज घ्यायला गेला की आधी तो मागून बघतो. पापलेटचे कल्ले उघडून बघताना कोळीण शिव्या देते, त्या तो शांतपणे ऐकून घेतो. सोनलमामीला बघायला गेला तेव्हा पोह्यांच्या बशीपेक्षा तिच्या घरातल्या वायरिंगकडेच त्याचं जास्त लक्ष होतं, असं मामी अजून सांगते. मामा एसी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून ते एक वेळ माफ.

असा माणूस मुलीसाठी शाळा बघायला निघाल्यावर माझी मोटारसायकल आणि माझ्या दुपारी, दोन्ही गेल्या.

झालं असं की मामी नर्स. तिची पनवेलहून रेवदंड्याजवळच्या आरोग्य केंद्रात बदली झाली. मामाच्या पोटाची काळजी नव्हती. काशीदला रिसॉर्टं आहेत आणि खाऱ्या हवेत एसी कुजायला वेळ लागत नाही. काळजी होती जागृतीची.

जागृती आठ वर्षांची. बोलताना अडखळते. घरात त्याचं कुणाला काही नाही, आमच्या घरात तसंही एकालाही वाक्य पूर्ण करू देण्याची पद्धत नाही. पण पनवेलच्या शाळेत पोरं तिची नक्कल करायला लागली आणि एकदा बाईसुद्धा हसल्या. त्या दिवसापासून पोरीने शाळेत तोंड उघडणं बंद केलं. हजेरीला नुसता हात वर करायची.

"आता शाळा निवडायला चुकलो ना," मामी म्हणाली, "तर ती घरी पण गप्प होईल."

जागृतीचं आधीचं शिक्षण इंग्रजीतलं, त्यामुळे बघायला दोनच शाळा उरल्या. एक नवी कोरी इंटरनॅशनल, जिच्या अंगणात प्लॅस्टिकचं गवत होतं. दुसरी सिस्टर लोकांची जुनी मिशनची शाळा. मिशनचं नाव निघाल्यावर रोह्याकडच्या गावातून रंगूआजीचा, म्हणजे मामाच्या आईचा, फोन आला.

"पाद्र्याच्या शाळंत घालतोस व्हय रं? पोरगी उद्या मला नमस्कार तरी करंल का?"

"आये, ती आत्ता तरी करते का?"

"न्हाय करत. मी मान धरून करून घेते, ते येगळं."

मी बीकॉम, म्हणून इंग्रजी बोलायला माझी नेमणूक झाली होती. मी म्हटलं, "मामा, शाळेचं माहितीपत्रक आणू. वेबसाइट बघू."

"तो बाजार झाला," मामा म्हणाला. "बाजारात समदेच बैल शहाणे असतात."

मग मला आजोबांची बैल घ्यायची रीत ऐकावी लागली. आजोबा बाजारातून नुसते चहा पिऊन परत यायचे. बैल घ्यायचा तर ते विकणाऱ्याच्या गावात जाऊन, गुरं परतायच्या वेळी बांधावर बसायचे. कळपातलं पुढचं जनावर ते बघायचेच नाहीत. शेवटचं बघायचे. शेवटचं लंगडत असेल आणि राखणारा त्याच्यासाठी थांबत असेल, तर त्या घरचा बैल ते डोळे झाकून विकत घ्यायचे.

"म्हणून आपण शाळा सुटताना बघायची," मामा म्हणाला. "शेवटचं पोर कसं भाईर येतं ते."

इंटरनॅशनलची पोरं एसी व्हॅनमधून भसाभसा निघून गेली. शेवटचं कुठलं ते कळलंच नाही. "कंपनी सुटल्यागत सुटतात," एवढाच निकाल देऊन मामाने मिशनच्या शाळेसमोर मुक्काम हलवला.

तिथे तो रोज दुपारी चिंचेखाली उभा राहायचा. मी समोरच्या टपरीवर वडापाव खायचो. त्या दिवसांत मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. मला ते माहीत होतं, पण टोळीत आमचा मामा धरला जाईल असं वाटलं नव्हतं.

शाळेच्या गेटावरच्या वॉचमनचं नाव विठोबा. तोही खरंच कमरेवर हात ठेवूनच उभा असायचा. एके दिवशी तो सरळ मामासमोर आला.

"काय ओ, रोज बगतोय तुमाला. तुमचं पोर हाय का आत?"

"न्हाय."

"मग कशाला उभं राहता?"

आणि आमचा मामा, जगातलं सगळ्यात वाईट उत्तर शोधून काढल्यासारखा, म्हणाला, "शेवटच्या पोराची वाट बघतोय."

मी वडापाव टाकून धावलो तोवर चार रिक्षावाल्यांनी मामाची कॉलर धरली होती. "अरे, तो बैल बघतोय!" असं मी ओरडलो. त्याने काही मदत झाली नाही. शेवटी विठोबाच आम्हाला दोघांना मुख्याध्यापिकेच्या खोलीत घेऊन गेला.

सिस्टर ब्रिजिता वसईकडच्या. मी मनात जुळवून ठेवलेलं इंग्रजी घशातच राहिलं, कारण बाई माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होत्या. मामाने बैलापासून सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबलं नाही.

"मग काय दिसलं आमच्या कळपात?"

"शेवटचं पोर रोज तेच असतं," मामा म्हणाला. "जाड भिंगाचा चष्मा हाय त्याला. पाय जपून टाकतं. पन त्याच्याबरोबर रोज दुसरंच पोर असतं."

"पाळी लावलीय. आधी कुणी तयार नव्हतं. आता पाळीवरून भांडतात, कारण पाळी असेल त्या दिवशी त्याच्या बाकावर बसायला मिळतं आणि तो गणितं चांगली समजावतो."

मग मामाने जागृतीचं सांगितलं. ते सांगताना तोच अडखळला.

"इथे कुणी हसणार नाही असं मी सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पोरंच ती, हसतील. पण शिक्षक हसणार नाहीत आणि वाट बघतील, एवढं माझ्याकडे लागलं."

"आन आमच्या आयेनं इचारलंय... म्हंजे, प्रार्थना..."

"सकाळी असते. तुमच्या मुलीने हात जोडून तुमच्या देवाचं नाव घेतलं तरी चालेल. डब्यात काय असेल याचा विचार केला तरी चालेल. निम्मी शाळा तेच करते. उद्या तिला घेऊन या. तिला भेटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या खोलीत. सिस्टरांनी जागृतीला नाव विचारलं.

"ज... ज..."

मामाने तोंड उघडलं. तिचं नाव तोच सांगायचा नेहमी, प्रेमाने. मामीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. "तुमचं नाव नाही विचारलेलं," ती पुटपुटली.

डोक्यावरचा पंखा करकरत होता. सिस्टर घाई न करता बसून होत्या, समोर वाफाळता चहा असल्यासारख्या. मामाचा घाम कपाळावरून नाकावर आला.

"ज... जागृती," पोरगी म्हणाली. मग वर बघून, "तु... तुमचा पंखा वा... वाजतोय. बाबा करून देतील."

सिस्टर हसल्या. "करा म्हणावं त्यांना." तोच आमचा प्रवेश. मामा तिथेच स्टुलावर चढला.

रंगूआजीला मी फोन करून कळवलं, की शाळेच्या गेटावर साक्षात विठोबा उभा आहे. "मग घाला," आजी म्हणाली. "पन नमस्काराचं बघा."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले काही दिवस हसणारी हसली. जागृती घरी येऊन दप्तर फेकायची आणि मामा रात्री जेवायचा नाही. तो पुन्हा चिंचेखाली उभा राहायला लागला. आता विठोबा त्याला बसायला स्वतःचा स्टूल द्यायचा.

परवा मीही होतो. शाळा सुटली. पोरं आली, गेली, रिक्षा भरल्या. जागृती नाही. विठोबाने गेटाची साखळी हातात घेतली. मामा स्टुलावरून उठला.

मग ती दोघं दिसली. चष्मेवाला मुलगा आणि जागृती. आज त्याच्याबरोबर यायची पाळी तिची होती. पायरी आली की तो ती पायाने चाचपायला थांबायचा, आणि ती थांबायची. शब्द अडला की ती थांबायची, मग तो थांबायचा. ती हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होती. अशाने त्या दोघांनी अंगण ओलांडायला इतका वेळ लावला की विठोबाने साखळी पुन्हा खुंटीला अडकवली.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"थांब रं," मामा म्हणाला. "तिचं सांगून व्हायचंय अजून."