उड्डाणपुलाचा चढ

अकोल्यातले आमचे शेजारचे काका आपल्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल पांढऱ्या रुमालावर घेऊन हुंगतात. गाडी पुरती थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकत नाहीत. भेटेल त्याला सांगतात, "गिअरबॉक्स मानसावानी असते. त्याले तापू द्याचं नाई."

उड्डाणपुलाचा चढ आला की ओझं कमी व्हावं म्हणून ते काकूंना खाली उतरवतात आणि पलीकडे जाऊन सावलीत गाडी उभी करतात. परवा भर दुपारी काकू गुडघा धरत पूल चढताना दिसल्या. मी स्कूटर थांबवून म्हटलं, "काकू, बसा."

"राहू दे बापू," त्या म्हणाल्या. "त्याईले वाटन, मी गाडीले नावं ठेवली. गाडी टिकली पायजे. माहे गुडघे तं गेलेच हायेत."