दूरोनबेकने गिळलेलं वाक्य

दूरोनबेकने जन्मभर मेंढरं राखली आणि सरकारं बदलली तशी ज्याला त्याला शिव्या घातल्या. सामुदायिक कळप वाटले गेले तेव्हा तो वाटण्यांवरून भांडला, पण गावाच्या वरच्या डोंगरातलं कुरण त्याने कुणाच्या नावावर होऊ दिलं नाही. नारीन खोऱ्यातल्या त्या गावात वयाने तोच मोठा. म्हणून जेवणाअंती हात पसरून दुवा देण्याचा मान त्याचा. लग्न असो की मयत, शेवटचं वाक्य ठरलेलं: "कुरण सगळ्यांचं राहो." मग गाव "ओमीन", म्हणजे तसंच होवो, म्हणायचं. पोरं त्याची नक्कल करायची आणि म्हातारा मनातून सुखावायचा.

पुढे डोंगरात खाण आली. नवरा वारल्यावर दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली त्याची लेक बुरुलचा खाणीच्या छावणीत स्वयंपाकाला लागली. त्याआधी त्या घरात एकच चहापत्ती तीनदा उकळायची.

यंदा निवडणुकीला खाणमालकाचा भाऊ मक्सत उभा राहिला. वरचं कुरण खाणीला देणार, हे तो हसतहसत सांगायचा. त्याने मांडव घालून गावाला जेवण दिलं आणि मेंढ्याचं शिजवलेलं डोकं मानाने दूरोनबेकपुढे ठेवलं.

"घ्या आजोबा, तुमच्या लेकीच्याच हातचं आहे. अशी माणसं आम्हाला टिकवायची आहेत. पुढचं तुमच्या हाती."

शेजारचा इमानकुल कानाशी लागला. "दूरोन, वाक्य म्हणशील ना? सगळे तुझ्याच तोंडाकडे बघतायत."

"न म्हणायला काय झालं? भितो का मी कुणाच्या बापाला?"

जेवण उरकलं, हात पसरले गेले. घरात सुख नांदो, ताटात भाकर असो, लेकरं मोठी होवोत. एवढं म्हणून दूरोनबेक अडखळला. चुलीपाशी बुरुलचा उभी होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं तो आजवर दुसऱ्यांना टोमण्याने ऐकवत आला होता. आता पोळी त्याच्याच घरात शिजत होती. फार लाज वाटली त्याला, पण जीभ उचलेना.

"ओमीन," तो म्हणाला आणि त्याने तोंडावरून हात फिरवले.

लोक क्षणभर थांबले, मग त्यांनीही फिरवले. एकदा ओमीन झालं की दुव्यात शब्द घालता येत नाही. इमानकुल उठून गेला.

घरी जाताना बुरुलचा म्हणाली, "बाबा, वाक्य राहिलं."

"तुझ्यासाठीच गिळलं गं. लेकरांच्या तोंडचा घास जाईल म्हणून."

ती वाटेतच थांबली. "मी सकाळीच मुकादमाला सांगून आले होते, उद्यापासून येणार नाही म्हणून. म्हटलं, बाबा बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यांनी काढण्यापेक्षा आपणच सोडावं."

"मग मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही म्हणणार, यात मला शंकाच नव्हती."

दूरोनबेक मागे वळला, पण मांडवातले लोक केव्हाच पांगले होते.

"चला," बुरुलचा म्हणाली. "उद्या जाऊन विनवणी करते. परत घेतात का बघू."