ताणकाकू आणि एरंडेलाचे दाणे

कारखान्याच्या तपासणी खोलीत सव्वीस वर्षं काकूंचं एकच काम. मालाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, ताणायची आणि कुठे तुटली ते लिहून ठेवायचं. सगळे त्यांना ताणकाकू म्हणत. ही खोड घरापर्यंत पोचली होती. दिसेल ते रबर काकू ताणून बघायच्याच.

"अगं, माझ्या पायजम्याचं इलॅस्टिक तेवढं सोड," नवरा हात जोडायचा.

कारखाना बुटांचे तळवे बनवायचा, खनिज तेलापासून आलेल्या प्लास्टिकचे. मग एक तरुण केमिस्ट रुजू झाली. म्हणाली, असंच ताणलं जाणारं प्लास्टिक मी एरंडेलापासून करते. काकूंचे कान टवकारले. एरंडेल! लहानपणी आजी नाक दाबून चमचाभर पाजायची आणि मग दिवसभर पळता भुई थोडी व्हायची. त्याच्यावर आता लोक चालणार?

"अगं पण तेल ते तेल. ते ताणलं कसं जाईल?"

"काकू, तेलातनं मी छोटे छोटे तुकडे काढते आणि जोडून लांब दोरे करते. दोऱ्याचा थोडा भाग मऊ, थोडा कडक. मऊ भाग ताणला जातो, कडक भाग दोरे निसटू देत नाही. म्हणून सोडलं की परत जागेवर."

काकूंच्या डोक्याला पटलं, नाकाला पटेना. इतक्या उग्र तेलापासून केलेल्या प्लास्टिकचे हे मसुराएवढे पांढरे दाणे, आणि वास कसा नाही? असणारच कुठेतरी!

दाणे साच्यात वितळवून केलेल्या पट्ट्या मात्र टिकेनात. थोड्या ताणल्या की तटकन तुटत. साहेबांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर हा नाद बंद. पोरीची दोन वर्षांची मेहनत त्यात होती. तिचा डबा रोज अर्धा भरलेलाच परत जायचा, आणि काकूंना ते बघवत नव्हतं.

गुरुवारी काकूंनी तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. "ही बारीक छिद्रं कसली गं?"

"वाफेची. दाण्यांत पाणी शिरलंय. हे दाणे हवेतलंसुद्धा पाणी ओढून घेतात. पण मी ते रात्रभर भट्टीत सुकवते, सकाळी सहाला रात्रपाळीवाला पिशवी पक्की बंद करतो. दुपारी साच्यात जाईपर्यंत तिला कुणी हातसुद्धा लावत नाही. म्हणजे दोष मालातच आहे." तिनं तसं लिहिलेला कागद साहेबांकडे न्यायला उचललासुद्धा.

काकूंनी भिंग खाली ठेवलं. रोज सकाळी सातला, दिवसपाळीतल्या सगळ्यांच्या आधी येऊन, शिस्तीत हात धुऊन त्या पिशवीचा चिमटा काढायच्या. ओला हात कोपरापर्यंत आत घालायच्या, मूठभर दाणे नाकाशी धरायच्या. पिशवी तशीच उघडी ठेवून यंत्र पुसायच्या, पुन्हा एकदा हुंगायच्या आणि मग चिमटा होता तसा लावायच्या. वास यायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी पोरीच्या हातातला कागद धरला.

"थांब. माल चांगला आहे गं. हात माझा वाईट." आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

पोरीचा चेहरा लाल झाला. म्हणाली, "काकू, एवढं हुंगायचं होतं, तर मला विचारायचं तरी!"

"विचारायला लाज वाटली गं. या वयात एरंडेल हुंगते म्हणून हसली असतीस."

शनिवारी पिशवी थेट भट्टीतून साच्याकडे गेली. काकूंनी पट्टी जबड्यांत धरली. दुप्पट झाली, तिप्पट झाली, चौपट झाली. तुटली नाही. सोडल्यावर सरसर परत येऊन जवळजवळ पहिल्या खुणेवर थांबली. साहेबांनी स्वतः ओढून बघितली आणि पुढच्या महिन्याचं काम मंजूर करून गेले.

सोमवारी पिशवीवर चिठ्ठी होती: उघडू नये. काकूंनी ती निमूट वाचली. मग टेबलाशी आल्या, तर तिथे मूठभर दाण्यांची एक छोटी बाटली. तिच्यावर पोरीच्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त काकूंच्या नाकासाठी.

त्यांनी बाटली उघडून हुंगली. वास नव्हताच. डोळे मात्र भरून आले, तसं दाण्यांना पाणी लागू नये म्हणून काकूंनी घाईघाईनं झाकण घट्ट लावलं.