दर शनिवारी मरणारा कॉम्प्युटर

मी लेखक नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याआधी आमच्या घरातलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे बहिणीच्या लग्नाची पत्रिका, आणि तीसुद्धा छापखानेवाल्याने स्वतःच्या मनाने लिहिली होती. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. (या गोष्टीत माझ्याशिवाय कुणाचीच चूक नाही, हे शेवटपर्यंत लपवायचं ठरवलं होतं. पण लिहूनच गेलो!)

तर, आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक दुसऱ्याच्या पोटात राहत होता. पोटातला दर शनिवारी मरायचा.

नीट सांगतो. मी नगरच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव पाथर्डी तालुक्यात. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी सहाच्या एसटीने उतरायचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात. कोणत्या आळीला पाणी कधी सुटणार हे गावात फक्त अण्णांना माहीत असतं. त्यामुळे बायका त्यांना रस्त्यात अडवतात, देवळात अडवतात, आणि एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण लावलेला असताना अडवलं होतं! म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी हाच घेतला. अण्णांनी मोबाईलवर बटण दाबलं की त्या आळीतल्या सगळ्यांना मेसेज जाणार : पाणी सुटलं, हंडे काढा.

प्रोजेक्ट चालला नाही तर वर्ष वाया. ते एक वेळ मी सोसलं असतं. पण अण्णांनी पाण्याच्या टाकीपासून वेशीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "गणेश करतोय. म्हैनाभर थांबा." मी नापास झालो असतो तर ते मला काहीच बोलले नसते, आणि मला त्याचीच भीती होती.

प्रोजेक्टला लिनक्स नावाची वेगळी सिस्टीम लागते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं विंडोज. ते पुसायची हिंमत मला नव्हती. तेव्हा आमच्या शिरसाट सरांनी उपाय सांगितला, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे विंडोजच्या आत, एका खिडकीत, दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवायचा.

"कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर?" आईने विचारलं.

"व्हय."

"आन् त्यो आतला कुठंय?"

"खरा न्हाई गं त्यो."

"खरा न्हाई, मंग चालतो कसा?"

(हा प्रश्न तोंडी परीक्षेत येईल असं वाटून मी तो वहीत लिहून ठेवला. उत्तराची जागा कोरी सोडली.)

पहिला आठवडा आतला कॉम्प्युटर झकास चालला. शनिवारी संध्याकाळी मी एसटीतून उतरलो, पाय धुतले, मशीन सुरू केलं आणि पाच मिनिटांत ते कोसळलं. खिडकी काळी पडली, वर एक चौकट आली. चौकटीत इंग्रजीच्या दोन ओळी आणि खाली शून्य-एक्स वगैरे असलेला लांबलचक कोड.

मी मराठी माध्यमाचा. इंग्रजी ओळी दिसल्या की माझी नजर आपोआप खाली घसरते. कोड मात्र मी मन लावून उतरवून घेतला. त्याचा फोटो माझ्या वर्गातल्या प्रशांतला पाठवला, वरच्या ओळी कापून, नीटनेटका करून.

"हा कोड जनरल आहे रे," प्रशांत फोनवर म्हणाला. तो नगरचाच, त्यामुळे त्याच्या बोलण्यात एक खात्री असते. "काहीही असू शकतं."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही. बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदल."

मी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाच्या सेटिंगमध्ये, गेलो. तिथून परत यायला मला पाऊण तास लागला, कारण आतला कॉम्प्युटर राहिला बाजूला, बाहेरचाही सुरू होईना! अण्णा जेवायचे थांबून दारात उभे होते.

"जागा हाय का पन त्याला?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडं टाकी भरली का पाइप फुटतो."

"अण्णा, पाचशे जीबी हाय!"

"म्हंजे किती?"

"लई!"

(तीन वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकून मोजमापाचं हे एकक मी घरी आणलं होतं.)

शेवटी प्रशांत म्हणाला, "सगळं उडव आणि नव्याने टाक." रविवारी मी आतला कॉम्प्युटर पुसून पुन्हा टाकला. तो उठून बसला! सोमवार ते शुक्रवार एक तक्रार नाही. मी प्रशांतला कॅन्टीनमध्ये वडा खाऊ घातला.

शनिवारी तो पुन्हा मेला.

आता प्रशांत म्हणाला, रॅम कमी आहे. मी त्याच्या जुन्या लॅपटॉपमधली काढून आणली. ती आमच्या डब्यात बसेना, कारण लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची वेगळी असते. (हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आकृतीसह दिलेलं आहे.) डबा पुन्हा बंद केला तेव्हा दोन स्क्रू जास्तीचे उरले. ते मी खिशात घातले आणि कुणाला बोललो नाही. पुसून पुन्हा टाकलं, आठवडाभर चाललं, आणि शनिवारी चौकट!

तोवर बातमी आमच्या चुलत्यांपर्यंत, नानांपर्यंत गेली. नाना आले, खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले आणि आजाऱ्याकडे बघावं तसे बघत राहिले.

"घरात कोन्त्या वारी आनला?"

"शनिवारी."

"मंग! शनिवारी लोखंड घरात आनत्यात व्हय रं?"

"नाना, प्लॅस्टिक हाय ते."

नानांनी डब्याला टिचकी मारली. टण्ण!

आईने त्याच दिवशी मारुतीला तेल घातलं. मी तिला समजावलं की आई, यामागे शास्त्रीय कारण असणार. मग रविवारी नव्याने टाकलं, तर सुरू! पुढच्या शनिवारी सकाळी, एसटी पकडायच्या आधी, मारुतीला तेल घालायला मी स्वतः गेलो. दोनदा घातलं. संध्याकाळी येऊन बघतो तर मशीन मेलेलं होतंच, वर शर्टाची बाही तेलकट.

सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट तपासायला बाहेरचे परीक्षक येणार, त्याच्या आधीच्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. मी ठरवलं, आज हलायचं नाही. सकाळी आठला मशीन सुरू केलं आणि समोर बसलो. चहा तिथेच, नाष्टा तिथेच. साडेदहापर्यंत सगळं सुरळीत. अण्णांच्या मोबाईलवरून तीन वेळा खोटं पाणी सोडून पाहिलं, तिन्ही वेळा मेसेज गेला.

अकराच्या सुमाराला आई पदराला हात पुसत आली.

"सरक जरा. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"तुझं? कॉम्प्युटरवर?"

"मंग काय चुलीवर?"

मी मागे वळून बघितलं. दारात चार बायका उभ्या. हातात बाजाराच्या पिशव्या, आणि पिशव्यांतून मेथीच्या जुड्यांबरोबर डोकावणारे मोबाईल. शनिवार हा आमच्या गावचा बाजार. वाड्या-वस्त्यांवरच्या बायका त्या दिवशी गावात येतात. आणि शनिवारी मी नेहमी नगरला!

"कोन हाय आधी?" आईने विचारलं.

"माझा घे सिंधू," कमलआक्का पुढे झाल्या. "लई भरलाय बाई. सुनंच्या डोहाळजेवनापास्नं फोटोच निघंना त्याच्यात."

आईने केबल लावली. मोबाईल उघडला, सगळं निवडलं, उचललं, डी ड्राइव्हमध्ये, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, गेली आणि ओतलं. मोबाईल रिकामा, कॉम्प्युटर भरलेला. तिचा हात इतका सराईत चालत होता की मला क्षणभर अभिमानच वाटला. मग आठवलं : दिवाळीत आईचा मोबाईल भरला होता तेव्हा हे तिला मीच शिकवलं होतं! चौथी शिकलेली माझी आई एका दुपारात शिकली म्हणून मी प्रशांतला कौतुकाने सांगितलंही होतं. आणि मग साफ विसरून गेलो होतो.

डी ड्राइव्हमध्ये ओळीने फोल्डर. न्यू फोल्डर एक, न्यू फोल्डर दोन... असे त्रेसष्ट.

"नावं का न्हाई टाकली?" मी कसंबसं विचारलं.

"नावं कशाला? अकरा नंबर कमलआक्काचा, बारा तिच्या जावंचा, सतरा पोस्टमनचा. इचार कुठलाबी!"

"पोस्टमन पण येतो?"

"त्यो सोमवारी येतो."

माझा आतला कॉम्प्युटरही त्याच डी ड्राइव्हमध्ये राहत होता. मी दर वेळी सी ड्राइव्ह तपासायचो. डी महिनाभर उघडलाच नाही, कारण तिथे माझ्याशिवाय कुणी जात नाही याची मला खात्री होती! दर रविवारी मी मशीन पुसायचो तेव्हा थोडी जागा व्हायची, आणि दर शनिवारी बाजार ती भरून टाकायचा.

इतक्यात कोपऱ्यात एक पिवळी सूचना आली. आईने मला काही कळायच्या आत तिच्यावर फुली मारली.

"आई! काय होतं ते?"

"मला काय म्हाईत? तूच म्हनलावता, कोपऱ्यात काई आलं तर वाचत बसू नको, फुली मार."

म्हटलं होतं खरं. मी स्वतःही तेच करत होतो. आणि कमलआक्कांचं डोहाळजेवण निम्मं उतरलं तोच चौकट आली, तीच ती, महिनाभर ओळखीची झालेली. पहिल्यांदाच मी कोडच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. पाचवीच्या मुलाला कळेल इतकं सोपं इंग्रजी होतं : बाहेरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली आहे. जागा करा.

महिनाभर तो मला ओरडून सांगत होता!

"हे सगळं उडवावं लागंल," मी म्हणालो.

दारातल्या बायकांनी आपापले मोबाईल पिशवीत खाली ढकलले.

"उडवायचं म्हंजे?" आई म्हणाली. "लोकाची वस्तू हाय ती. मी हो म्हनून ठिवून घेतलीय."

"आई, परवा परीक्षा हाय माझी!"

कमलआक्का खाली मान घालून म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याचा आवाज हाय रं त्यात. आजारी असताना पोरीशी बोलल्याला. दुसरीकडं कुठं न्हाई."

मी माऊसवरचा हात काढून घेतला. परीक्षा होती, वर्ष होतं, अण्णा होते, पण अकरा नंबर मला उडवता येणार नव्हता.

मग फोल्डर उघडून बघता बघता लक्षात आलं की अख्खं गाव एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. एकच गुलाब, त्याच्यावर सुप्रभात, त्रेसष्ट वेळा! एकच चहाचा कप त्रेसष्ट वेळा, आणि लाडू कसे करावेत याचे व्हिडिओ तर विचारूच नका. बायका पिशव्या खाली ठेवून खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि निकाल सुरू झाला.

"ह्यो गुलाब?"

"उडव!"

"ही बाळाची?"

"हात लावू नगं!"

"हे नाना नाचतानाचं?"

"ते ऱ्हाऊ दे," चौघी एका सुरात म्हणाल्या.

जेवणवेळ टळून गेली, मेथी सुकली, पण दुपारी तीनपर्यंत शंभर जीबी सुप्रभात गावातून हद्दपार झालं. मशीन सुरू केलं. चाललं. सातला अण्णा आले तरी चालत होतं. रविवारी दिवसभर चाललं. मी आईला फक्त एवढंच म्हणालो, "पोस्टमनला एक सोमवार न्हाई म्हन."

घाबरून मी मशीनची कॉपी वगैरे केलीच नाही. अख्खा डबाच चादरीत बांधून एसटीने नगरला नेला. शेजारच्या मावशींनी दळण आहे का विचारलं. मी हो म्हणालो.

परीक्षकांसमोर मेसेज गेला. शिरसाट सरांनी मान हलवली. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच परीक्षकांनी डी ड्राइव्ह उघडला.

"न्यू फोल्डर त्रेसष्ट? हे काय आहे?"

खोटं बोलायचं कसं ते ऐनवेळी मला सुचत नाही. मी सगळं सांगितलं. बाजार, आई, नंबर, गुलाब, मारुतीचं तेलसुद्धा. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "ठीक आहे, जा" म्हणाले. मला वाटलं, संपलं.

पुढचे दहा दिवस अण्णांनी एकदाही निकालाचं विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी उतरलो की माझ्या तोंडाकडे बघायचे आणि टाकीकडे निघून जायचे.

अकराव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर टाकीवर होतो तेव्हा शिरसाट सरांचा फोन आला.

"गणेश, पास आहेस! पहिल्या वर्गात."

मी अण्णांना खुणेनेच सांगितलं. त्यांनी चाक फिरवलं आणि पाळी नसताना आमच्या आळीला पाणी सोडलं!

"आणि ऐक," सर म्हणाले, "परीक्षक साहेबांना तू सांगितलेली पद्धत फार आवडली. त्यांनी फोन नंबर मागितलाय. त्यांच्या ऑफिसात फार गरज आहे म्हणाले."

नोकरी! मी घाईघाईने माझा नंबर सांगायला लागलो.

"तुझा आहे रे माझ्याकडे," सर म्हणाले. "त्यांनी आईंचा मागितलाय."