डाव्या हाताची धार

सुरी घ्यायची तर जर्मनच, असं मी जाहीर केलं तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांपुढे ॲल्युमिनियम आलं. त्यांच्या लेखी ‘जर्मनचं’ म्हणजे पोचे पडलेलं पातेलं. “टोमॅटोला तरी लागेल का ती?” त्यांनी विचारलं.

माझ्या अटी साध्या होत्या. घरात रोजची भाजी चिरता यावी आणि रविवारी पारसिकच्या डोंगरावर गेलो की त्याच सुरीने दोर कापता यावा, काठी तासता यावी. रबाळ्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी केलेलं लोखंड नापास करण्याचा मला पगार मिळे, त्यामुळे पात्यांबद्दल आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

वाशीच्या एका दुकानदाराने मखमली डबीतून सुरी काढली. पोलाद कोणतं, असं विचारलं तर म्हणाला, “जर्मन.” धार किती दिवस टिकते? “साहेब, जर्मन आहे.” हे तो इतक्या हळू बोलत होता की आतल्या खोलीत कुणी आजारी असावं. पात्यावरची अक्षरं बोटाने घासली तर बोटाला लागली. मी घरी आलो.

खरी जर्मन सुरी आमच्या भिंतीपलीकडे होती.

ऐरोलीच्या आमच्या इमारतीत दोन घरांची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती, मधे अर्ध्या विटेची भिंत. पलीकडे चाचा-चाची राहत. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते. तरुणपणी हॅम्बुर्गच्या बंदरात घेतलेली सुरी त्यांनी कधी बदलली नाही. निवृत्तीनंतर घरातलं सगळं चिरणं त्यांच्याकडेच होतं. चिरण्याआधी ते सुरीचं टोक फळीवर दोनदा आपटत. टक टक. रोज संध्याकाळी साडेसहाला. आमच्या घड्याळाचा सेल संपला तरी महिनाभर आमचं काही अडलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेत, कुणालाही त्रास न देता. साडेसहाचा आवाज बंद झाला आणि आम्ही दोघं त्या वेळेला उगाच मोठ्याने बोलू लागलो.

त्यांच्यातला चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मुलगा चाचींना गावी न्यायला आला. चाची निघेनात. “सुरी कुनाच्या हाताला बसली की मी निघते,” एवढंच म्हणाल्या. तो बिचारा एकटाच परत गेला. मग ती सुरी इमारतीत फिरली. तळमजल्यावरच्या बाईंनी चार दिवसांत परत केली, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्याच दिवशी, अंगठ्याला पट्टी बांधून. सुरी वाकडी जाते, म्हणाले. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर सेक्रेटरींनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ती सुरी माणूस ओळखते. ठराव झाला नाही एवढंच.

मी अर्थातच हसलो, आणि हसलो म्हणून मला ती घ्यावी लागली.

चाचींनी सुरी हातात दिली नाही. स्टुलावर ठेवली, मी उचलली. धारेची वस्तू हातात देत नाहीत, हे त्यांच्याकडेही आणि आमच्याकडेही सारखंच. पातं काळपट, कुठेही डाग नाही. मूठ लाकडी, आणि तिच्यात अंगठ्याने पडलेला खळगा. माझा अंगठा त्यात बसेना. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा तसं वाटलं.

“तुम्हीच घेऊन जा ती गावी,” बायको चाचींना म्हणाली.

“माज्या हातात ती काय कामाची? चाळीस वर्षं त्यांनी मला हात लावू दिला नाय. पडून राहिली की मरेल.”

“चाची, लोखंड मरत नाही,” मी म्हणालो. “फार तर गंजतं.”

“लोखंडाचं कोन बोलतंय?”

त्या संध्याकाळी मी काकडी चिरली. प्रत्येक काप वर जाड, खाली पातळ. सुरी सरळ धरली तरी पातं उजवीकडे सरकत होतं. कुणीतरी मनगटाला हलका हात लावून बाजूला करावं, तसं. मी सबंध काकडी संपवली. शेवटी शेवटी मनगट दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सुरी कारखान्यात नेली. टूलरूममध्ये धार लावणारा आमचा जुना ग्राइंडर मराठवाड्यातला; पात्याकडे बघण्यापेक्षा त्याला ते कानाशी धरून नखाने वाजवायला आवडे. त्याने भिंग लावलं आणि हसला.

“साहेब, भूतबीत काय नाय. डावऱ्या मानसाची सुरी हाय ही. एकाच बाजूनं घासत गेलाय बाबा. तीस-चाळीस वर्षं.”

चाचा डावखुरे होते. जेवताना उजवा हात वापरत, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. भुताचा निकाल लागला याचा मला फार आनंद झाला.

“दगडावर पाच मिनटांचं काम,” तो म्हणाला. “दोन्ही बाजू सारख्या करतो. मंग कुनाच्याबी हातात चालंल. लावू?”

मला वाटलं, आधी चाचींना विचारावं.

चाची दारातच उभ्या होत्या. मी त्यांना धारेचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे दगड लावला की त्यांचा हात जाईल?”

मी खोटं बोलू शकलो असतो. “हो,” म्हणालो.

“सुरी तुमाला दिली. लावा,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. कडी मात्र लावली नाही. बराच वेळ कडीचा आवाज आला नाही, म्हणजे त्या दारामागेच उभ्या होत्या.

मी दगड लावला नाही. सुरी डाव्या हातात घेतली.

पहिले आठ दिवस बायको पट्ट्या घेऊनच बसली होती. एकदाही कापलं नाही. डाव्या हाताने मला सही करता येत नाही, गुंडी लावता येत नाही. कांदा मात्र तिसऱ्या आठवड्यात सरळ पडू लागला. अंगठा खळग्यात बसला. सवय, दुसरं काय.

एका संध्याकाळी दुधी चिरत होतो. बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली.

“अहो, तुम्ही का वाजवलं?”

“काय?”

“टक टक.”

मी काही वाजवलं नव्हतं. म्हणजे, मला आठवत नव्हतं. फळीवर दोन बारीक ताजे खळगे होते.

तेवढ्यात दार वाजलं. चाची होत्या, हाताला पीठ तसंच. “कोन कापतंय?” त्यांनी मला बाजूला होऊ दिलं नाही, सरळ ओट्याशी आल्या. “चिरा,” म्हणाल्या. मी चिरत राहिलो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फक्त हाताकडे. इतकं एकटक माझ्या हाताकडे कुणी कधी पाहिलेलं नाही, आणि तो हात माझा आहे असंही मला त्या क्षणी खात्रीने सांगता आलं नसतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं आणि गेल्या. पुढच्या रविवारी मुलगा आला, तेव्हा त्यांची पेटी भरून तयार होती.

पलीकडचं घर रिकामं झालं. आता टक टक केलं की आवाज परत येतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हे शाळेतलं विज्ञान आहे. तो परत यायला रोज थोडा जास्त वेळ घेतो, तेवढं मात्र मला शाळेत शिकवलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर धार बोथट झाली. चाची गावी होत्या, त्यांना कळणार नव्हतं, आणि बायकोला त्या आवाजापासून सुटका हवी होती. मी सुरी घेऊन टूलरूममध्ये गेलो. ग्राइंडरने दगड सुरू केला, चष्मा चढवला. “दोन्ही बाजू सारख्या ना? द्या.”

मी कापड सोडून सुरी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. चालू दगडाच्या आवाजात तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

“साहेब,” त्याने दगड बंद केला, “तुमी डावरे कधीपासून?”

मी सुरी पुन्हा कापडात गुंडाळली. कापडाची गाठही डाव्या हाताने मारली, हे घरी ती सोडताना लक्षात आलं.