करंजाच्या तेलाचा वास

सन १९६२. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि कामशेतच्या अलीकडच्या माळावर एका विमानाची राखण करत होतो. कुणाला सांगितलं तर हसतात. तिसरीत शाळा सोडलेला माणूस आणि विमान. हसू द्या.

मुंबईच्या एका कंपनीचं ते दोन माणसांचं छोटं विमान. धरणाची नि विजेच्या तारांची मोजणी करायला वरून फोटो काढायचे. दिवाळी झाली की यायचं, वळवाच्या आधी जायचं. माळावर पत्र्याची शेड होती. त्यात विमान झोपायचं आणि त्याच्या पंखाखाली मी. वैमानिक साहेब लोणावळ्याला बंगल्यात राहायचे. सकाळी जीपनं यायचे, उडायचे, उतरायचे, जायचे. माझ्याशी बोलणं दोन शब्दांचं. "पुसलं?" "व्हय साहेब."

माझं घर तिथून अर्ध्या कोसावर. पण थोरल्या भावानं मला न विचारता बैलजोडी विकली, नवी घेतली, त्यावरून आमचं बिनसलं आणि मी कपडे घेऊन निघालो. दोन वर्षं त्या वाटेनं गेलो नाही. संध्याकाळी आमच्या आळीतला धूर दिसायचा. मी तिकडं पाठ करून भाकरी थापायचो.

महिन्यातून एकदा मुंबईहून मिस्त्री यायचे. साठीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा, हातात लाकडी पेटी. इंजिन तपासायचं आणि वहीत सही करायची हे त्यांचं काम. येताना कर्जतचे वडे आणायचे, मी आंबेमोहोराचा भात नि कुळथाचं पिठलं करायचो. महिन्यात तेवढंच एक जेवण मी कुणासमोर बसून जेवायचो. ते येणार त्या दिवशी मी शेड दोनदा झाडायचो.

त्यांनी मला मॅग्नेटो दाखवला होता. इंजिनाला ठिणगी देणारा डबा. बॅटरी नको, काही नको, आतलं लोहचुंबक फिरतं आणि ठिणगी पडते. असे दोन असतात, एक बसला तर दुसऱ्यावर माणूस खाली येतो. झाकण काढलं की आत दोन बारीक टिकल्या, उघडझाप करणाऱ्या. त्यांना पॉइंट म्हणायचं. बाजूला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एवढासा तुकडा. तो तेल धरून ठेवतो.

"नमद्यावर नख दाब," मिस्त्री म्हणाले होते. "नखाला चमक आली तर तेल द्यायचं नाही. कोरडं वाटलं तर या बाटलीतले दोन थेंब. तिसरा पडला तर तो पॉइंटावर जातो, जळतो, आणि ठिणगी मरते."

"एवढं मोठं इंजिन, नि दोन थेंब?"

"म्हणून तर तू झाकणाला हात लावायचा नाहीस. बघितलंस ते पुष्कळ झालं."

बाटली पेटीत, पेटी त्यांच्याबरोबर मुंबईला. ते मला लागलं होतं. लागायला नको होतं, पण लागलं.

माघात एका दुपारी भाऊ बैलगाडी घेऊन शेडपाशी आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. गाडी सोडली नाही, नुसता उभा राहिला. मला आतून बरं वाटलं, पण मी फडकं मारत राहिलो.

"काय रं, देवाचं पुजारी," तो म्हणाला. "नुसतं अंग पुसतूस का आतलं बी कळतंय?"

"आतलं बी कळतंय."

"मंग दाव की. आमी बी बगू."

मी उजव्या मॅग्नेटोचं झाकण काढलं. चार स्क्रू. त्याला टिकल्या दाखवल्या, ठिणगी सांगितली. तो वाकून बघत होता, आणि लहानपणी मी त्याच्या खांद्यावरून बघायचो तसा आता तो माझ्या खांद्यावरून बघत होता. मी नमद्यावर नख दाबलं. कोरडं लागलं.

"तेल पायजे ह्याला," मी म्हणालो. "पर बाटली मुंबईला हाय."

त्यानं गाडीखालचं वंगणाचं नळकांडं सोडलं. आत करंजाचं तेल. "घे की. बा काय म्हनायचा? वंगन जास्ती झालं म्हनून कुनाचा आख मोडला न्हाई."

मिस्त्रींचे दोन थेंब मला आठवत होते. पण भाऊ बघत होता. नळकांड्यातली काडी बुडवून मी नमदा तुडुंब भिजवला, आखाला द्यावं तसा. झाकण लावलं.

"घरी ये एकदा," जाताना तो म्हणाला.

"बगू," मी म्हणालो. हो म्हणायला काय झालं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी साहेब उडाले. जमिनीवर दोन्ही मॅग्नेटो तपासले तेव्हा इंजिन छान बोलत होतं. वडिवळ्याच्या अंगाला गेल्यावर आवाज तुटला. मोकळ्या माळावर मी एकटा, आणि वर इंजिन लंगडत होतं. मी आकाशाकडं बघत नुसता उभा. दुसरं काय करणार? विमान खाली आलं, उतरलं. साहेबांची मान घामानं भिजली होती.

"उजवा गेला. डाव्यावर आलो," ते म्हणाले. मुंबईला तार केली.

दोन दिवसांनी मिस्त्री आले. वडे नव्हते. झाकण काढलं, पॉइंट करपून काळे. इंजिनाकडून तेल गळतंय का पाहिलं, तिकडचं सील कोरडं होतं. मग बोट आत घालून चोळलं, नाकाशी नेलं.

"हे बाटलीतलं तेल नाही," ते म्हणाले. "तू उघडलं होतंस?"

"न्हाई."

चष्म्यातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या पेटीकडं पाहिलं.

तेवढ्यात साहेब आले. "काय निघालं मिस्त्री?"

"तेल जास्त पडलं. माझ्या हातून."

"तुमच्या?"

"वहीत सही माझी आहे, साहेब."

"तुमची नजर गेली आता. मी मुंबईला कळवतो. दुसरा माणूस पाठवू देत."

मिस्त्री परत इंजिनाकडं वळले. पॉइंट पेट्रोलनं पुसले, घासले, पातळ पट्टी घालून फट मोजली, नवा नमदा बसवला, दोन थेंब दिले. मी पिठलं केलं होतं. ते म्हणाले, भूक नाही. दुपारच्या गाडीला निघाले. मी पेटी उचलायला गेलो तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

शेडमध्ये आलो तर माझ्या ताटलीत कागदाची पुडी होती. सोडली. आत तो जुना नमदा, फुगलेला. करंजाचा कडू वास सगळ्या शेडभर झाला. त्या दिवशी मी दोघांचा भात एकटाच पुढ्यात घेऊन बसलो आणि तो तसाच राहिला. घरी जाऊन भावाला सांगावं असं एकदा वाटलं. पण तो म्हणाला असता, गप बस, तुझं काय जातंय. आणि मी बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. पहिल्या गाडीची वाट बघत बसलो असतो तर मन फिरलं असतं, म्हणून रुळाच्या कडेनं चालत मळवली मागं टाकून लोणावळ्याला पोचलो. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मी जोडे पायरीखाली काढले, वर गेलो, त्यांच्या कपाजवळ पुडी उघडून ठेवली आणि म्हणालो, "साहेब, ह्याचा वास घ्या. ह्ये बैलगाडीच्या आखाचं तेल हाय. मिस्त्री गाडी हाकत न्हाईत. मी हाकतो."