काचेतली अक्षरं

हॉलभर बाया हसत होत्या आणि माझ्या हातात पाटी होती.

बाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. मी त्यांच्याकडे भांडी घासायची, नागपुरातला आमच्या घरचा हातमाग बंद पडला तेव्हापासून. बाईंनी मला हॉलमध्ये बोलावलं, मुलाची पाटी दिली आणि पाहुण्यांना सांगितलं, आमची कामवाली टीव्ही पाहून लिहायला शिकली. "लिही वं तुझं नाव." मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं.

आधी कोणाला वाचताच येईना. मग एकीनं पर्समधला आरसा काढून पाटीसमोर धरला आणि त्यात माझं नाव वाचलं. प्रत्येक अक्षर उलटं होतं.

"उलट्या खोपडीची आहे," बाई म्हणाल्या. "हिला शिकायला बसवून काय उपयोग?"

बसवलं कुठे होतं, ते कोणी विचारलं नाही. मीच सांगते.

संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या माणसांसाठी अक्षरांचा पाठ लागायचा. त्यातल्या मास्तरीणबाई एकेक अक्षर सावकाश काढायच्या. पुन्हा पुन्हा काढायच्या, कधी चिडायच्या नाहीत. मला वेडच लागलं. आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं, आणि पोरगी शाळेत जायच्या आधी तिला चार अक्षरं आपणच शिकवायची. बाईंना विचारलं तर हो म्हणाल्या, पण हॉलमध्ये बसायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात, पोत्यावर. तिथून टीव्हीची नुसती पाठ दिसायची. समोरच्या शोकेसच्या काचेत मात्र पडदा लख्ख दिसायचा. मी काचेत पाहून शिकले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला गेले की जमायचं नाही. वाटायचं, आपलंच डोकं कमी.

सरकारनं तो पाठ माझ्यासारखीसाठीच लावला होता. यांनी तोही मला सरळ पाहू दिला नाही.

त्या दिवशी हळदीकुंकवानंतर घरी आले तर पोरगी कोळशानं भिंतीवर अक्षर गिरवत बसली होती. मी शिकवलेला ग. त्याची उभी काठी डावीकडे.

"माय, बराबर आला का वं?"

पदरानं भिंत पुसायला गेले, पण पदर मागे घेतला. तिथेच खाली बसून रडले. आपलं काय चुकलं ते पोरीला कळेना, तीही रडायला लागली. तिला जवळ घेतलं तेव्हा लक्षात आलं, तिचं काहीच चुकलं नाही. आणि माझंही.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन कामावर गेले. भांडी घासली. पाठ लागला तशी हॉलमध्ये जाऊन टीव्हीसमोर फरशीवर बसले, पोरीला मांडीवर घेतलं. मास्तरीणबाईंचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. पडद्यावर ग आला, त्याची काठी उजवीकडे होती.

"ऊठ. आपल्या जागेवर जा," बाई म्हणाल्या.

"नाही उठत. मले समोरूनच शिकाचं हाय."

पाठ संपेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मी पोतं उचललं आणि बाहेर पडले. घरात दाणा नव्हता, तरी मागे वळून पाहिलं नाही.

भिंतीवरचा तो ग मी पुसला नाही. त्याच्याशेजारी सरळ ग काढला, पोरीकडूनही काढून घेतला. आता ती शाळेत जाईल. फळ्यासमोर बसेल. तिला कोणी मागे सरकवलं, तर गाठ माझ्याशी आहे.